सिराजी अक्षराचा मालक

सिराजोद्दीन माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून कुणी त्याला चोर म्हटलं तर मला राग येईल, आणि कुणी साधू म्हटलं तर त्याहून जास्त येईल. मी त्याला शेजारी म्हणून ओळखतो, आणि शेजाऱ्यापासून काही लपत नसतं.

जुन्या जालन्यात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. मी लग्नपत्रिकांची कोरी कार्डं ठोक भावानं विकतो, तो त्यांच्यावर मजकूर छापून देतो. गिऱ्हाईक माझ्याकडून कार्ड घेतं आणि त्याच्या पायरीवर जाऊन बसतं. त्याचा धंदा बसला तर माझाही बसेल. तेव्हा मी त्याची बाजू घेतो त्यात मैत्री किती आणि स्वार्थ किती, हे मला विचारू नका.

तो मूळचा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मराठी आणि उर्दू, दोन्हींत हात सारखाच चालायचा. किराणा दुकानापासून मदरशापर्यंत अर्ध्या गावाच्या पाट्या त्याच्या ब्रशच्या होत्या. मग फ्लेक्स आले. एका उन्हाळ्यात त्याचे ब्रश डब्यातच वाळून कडक झाले, आणि घरात अकिब आणि इरम ही दोन शाळेतली लेकरं. त्यानं कुठूनसा जुना कॉम्प्युटर आणला आणि पाटीवरचा माणूस पडद्यावर आला.

तेव्हा सगळे करत होते तेच त्यानंही केलं. मोठ्या परदेशी कंपनीचं डिझाईनचं सॉफ्टवेअर, ज्याची किंमत ऐकून घाम फुटावा, ते कुलूप तोडलेल्या सीडीवरून घातलं. पण त्या महागड्या सॉफ्टवेअरला आपलं गाव कळत नव्हतं. एका कार्डावर मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी आलं की अक्षरं फुटायची. आमच्याकडं निम्म्या पत्रिकांना दोन्ही लागतं. सिराज वैतागून गेला होता, कॉम्प्युटर विकायला काढला होता.

अशात पुण्याहून कुणीतरी ‘वेलांटी’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर आणून दिलं. ते कुण्या एकट्या माणसानं केलेलं होतं. मराठी लिहा, उर्दू लिहा, दोन्ही एका ओळीत गुण्यागोविंदानं बसायचं. आणि त्यातला ‘श्री’ असा होता, की काकडीच्या वेलानं काडीला विळखा घालावा तशी त्याची शेपटी वळायची. लोकांना तो ‘श्री’ आवडला. घनसावंगीहून, जाफराबादहून गिऱ्हाईक यायला लागलं. लोकांना वाटलं, हा तर पाट्यांवरचा सिराज, त्याच्याच हाताचं वळण असणार. ‘सिराजी अक्षर’ म्हणून बोलबाला झाला. त्यानं हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. त्या अक्षरावर अकिब इंजिनीअर झाला, इरमचं लग्न झालं. पुढं जिल्ह्यातल्या छापखानेवाल्यांनी मागितलं तेव्हा सिराज स्वतः जाऊन त्यांच्या मशीनवर ते घालून द्यायचा आणि येण्याजाण्याचे म्हणून दोनशे रुपये घ्यायचा.

यंदा सिराज आणि त्याची बायको मैमूनाभाभी यांचं हजच्या यादीत नाव लागलं. हजला जायच्या आधी माणसानं सगळ्यांचं देणं फेडायचं, ज्याचं मन दुखावलं त्याची माफी मागायची, अशी त्यांच्यात रीत आहे. सिराज महिनाभर हेच करत हिंडत होता. माझ्याकडंही आला. म्हणाला, “अंगदभाई, काई बोललो-चाललो असंल तर माफ कर.” मी म्हणालो, “तू माझी कात्री नेली आहेस, ती आधी आण.” तो गेला, कात्री घेऊन आला आणि परत हात जोडून उभा राहिला. मला हसू आवरेना, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. फार मनावर घेतलं होतं त्यानं.

निघायला आठवडा उरला तेव्हा भाभी दुकान झाडायला आल्या. सिराजनं कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर रोज येते ती चौकट आली. भाभी झाडू टेकवून वाचायला लागल्या. मी पायरीवर चहा पीत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

चौकटीत लिहिलेलं असं होतं: “वेलांटी महिनाभर वापरून बघा. उपयोगी पडली तर पाचशे रुपये पाठवा. मित्रांना खुशाल फुकट द्या, पण विकू नका. आपला, कल्याण रखमाजी लोखंडे.” पुढं जाफराबाद तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता आणि फोन नंबर. खाली दोन बटणं, एकावर ‘पैसे पाठवले’ आणि दुसऱ्यावर ‘नंतर’.

“ये कल्याण कौन है?” भाभींनी विचारलं. “इसके पैसे दिए क्या?”

सिराज म्हणाला, “वो रोज आता है. ‘नंतर’ दबाया की जाता.”

“रोज ‘नंतर’ दबाते?”

“दुसरा दबाया तो झूट होता ना. पैसे भेजेच नहीं तो ‘भेजे’ कैसा बोलना?”

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. हा माणूस इतकी वर्षं स्वतःला प्रामाणिक समजत होता, कारण त्यानं खोटं बटण कधी दाबलं नव्हतं! ते दाबलं असतं तरी कुणी तपासायला येणार नव्हतं. चौकट कायमची गेली असती. पण नाही, खोटं बोलायचं नाही म्हणून रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून ‘नंतर’.

“नंतर मतलब कब?” भाभी म्हणाल्या. “हज के बाद? मरने के बाद?”

सिराजचा चेहरा उतरला. त्यानं अकिबला पुण्याला फोन लावला, फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि मलाही आत बोलावलं. अकिब आधी कंपनीच्या सॉफ्टवेअरचं बोलला. ते त्यानं गेल्या महिन्यातच बापाच्या नावानं रीतसर महिन्याच्या भाड्यानं घेतलं होतं. कार्डावरून पैसे गेले, कंपनीचे आभार आले, झालं. मागच्या वर्षांचं काय करायचं हे त्यानं मशिदीतल्या हाफिजसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले तेवढं दान करा. तिथं कुणाची माफी मागणार? कंपनीला तोंड असतं का?

“आणि हे वेलांटीचं?” मी विचारलं.

“काका, ते शेअरवेअर होतं,” अकिब म्हणाला. “कंपनी आधी पैसे घेते आणि मग कुलूप उघडते. याच्यात कुलूपच नसतं. वापरा, दुसऱ्याला द्या, पटलं तर पैसे पाठवा. सगळा मामला विश्वासाचा.”

“म्हणजे ते जास्त वाईट झालं,” सिराज हळूच म्हणाला.

मी म्हणालो, काही वाईट नाही, पाचशे रुपये पाठव आणि मोकळा हो. खरं सांगतो, मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. मी स्वतः बिलाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आहे, पण ते पैसे न भरता चालतच नाही म्हणून. कुलपानं माणूस प्रामाणिक होतो, यावर माझा फार विश्वास आहे. चौकटीतला फोन नंबर लागला नाही. सिराज म्हणाला, “मी सोता जातो.” त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून मीही निघालो.

जाफराबादपर्यंत एसटी, तिथून जीप. सिराजनं मिठाईचा पुडा मांडीवर धरला होता. गावाच्या फाट्यावरच मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून एक माणूस तांब्याची तार गुंडाळत बसला होता. पंचेचाळिशीचा, चष्मा नाकावर घसरलेला.

“कल्याण लोखंडे कुठं राहतात?” मी विचारलं.

“मीच. मोटार आणली का?”

सिराज पुढं झाला. “न्हाई. वेलांटीचे पैशे द्यायला आलो.”

त्या माणसाचा हात तारेवरच थांबला. त्यानं चष्मा वर केला. “कोण तुमी?”

“सिराजोद्दीन. जुना जालना. पत्रिका छापतो.”

“सिराजी,” कल्याण म्हणाला. त्यानं तो शब्द असा उच्चारला, की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

सिराजनं पाकीट पुढं केलं. त्यात त्यानं बरेच जास्त पैसे घातले होते. कल्याणनं त्यातून पाचशेची एक नोट काढली आणि बाकीचं पाकीट परत दिलं. “लिवलंय तेवढेच. पोचले.” नोट त्यानं पकडीखाली ठेवली आणि पुन्हा तार हातात घेतली.

सिराज उभाच होता. “हजला चाललोय. तुमचा हक माझ्याकडं राह्यला होता. माफ केलं म्हणा, म्हणजे मी जातो.”

कल्याण आत गेला आणि तारेत ओवलेल्या लग्नपत्रिकांचा घड घेऊन आला. खेड्यात लग्न उरकलं की पत्रिका अशा तारेत अडकवून खुंटीला टांगतात. तो एकेक मागं सारायला लागला. “ही बघा. माझं अक्षर. ही पण. ही घनसावंगीची. दर लगनसराईत माझंच अक्षर हळदकुंकू लावून माझ्या घरी येतं. ‘अगत्य येण्याचे करावे’ म्हणतं. मी जातो, जेवतो, अहेर देतो.” तो जवळजवळ तळाशी थांबला. “आन ही वंदनाची. माझ्या बहिणीची. माझा बाप तुमच्याकडं आल्ता छापायला. रखमाजी. ध्यानात हाय?”

“न्हाई,” सिराज म्हणाला.

“तुमच्या कसं ऱ्हाईल? मी तवा पुण्याची नोकरी सोडून घरी बसलो होतो. हेच करून राह्यलो होतो, आन लोक पैशे पाठवतील म्हणून वाट बघत होतो. गाव म्हणायचं, रखमाजीचं पोरगं येडं झालं. बाप जालन्याहून पत्रिका घेऊन आला आन माझ्यापुढं टाकली. म्हणला, हे बघ अक्षर. सिराजभाई म्हणून मानूस हाय, काय वळण काढलंय. तू एवढं कम्प्युटर शिकून काय केलं? मी म्हणलो, दादा, हे माझंच हाय. बाप हसला.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला तो जाईपर्यंत आम्ही तसेच उभे.

“म्हणला, मी त्या मानसाला सोता इचारलं, अक्षर कुणाचं? तर तो म्हणला, आपलंच हाय.” कल्याणनं सिराजकडं पाहिलं. “म्हणले होते का न्हाई?”

मी सिराजकडं वळलो. “असं म्हणाला होतास?”

सिराजनं मिठाईचा पुडा खाली ठेवला. “म्हणलो असंल,” तो म्हणाला. “सगळ्यांनाच म्हणत होतो.”

मला त्याचा असा राग आला, की त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. एवढी वर्षं मला वाटत होतं की हा नुसता गप्प बसला. आयत्या बिळावर नागोबा होऊन हा फणाही काढत होता, हे मला माहीत नव्हतं.

“बाप मागल्या साली गेला,” कल्याण म्हणाला. “शेवटपरेंत त्याला वाटायचं, पोरगं नोकरी सोडून बसलं ते बसलं, वर दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खोटं सांगतं. पैशे पोचले तुमचे. माफी न्हाई. निघा आता, नंतर जीप न्हाई मिळायची.”

परतीच्या एसटीत सिराज खिडकीला डोकं लावून बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, “मी जात न्हाई हजला.”

मी भडकलो. म्हणालो, पैसे दिलेस, पाय धरायला एवढ्या लांब गेलास, आणखी काय करायचं असतं माणसानं? हाफिजसाहेबही म्हणतील की तू सुटलास. तर म्हणाला, “ते म्हणतील. मला म्हणता येत न्हाई.” आणि रडायला लागला. भर एसटीत, एवढा थोराड माणूस. कंडक्टर बघायला लागला तसं मी रुमाल दिला. राग होताच, तरी दिला.

घरी भाभींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवून शिवून हजसाठी पैसा पैसा साठवला होता. कपडे भरलेल्या पिशव्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. मला वाटलं, आता या नवऱ्याची समजूत घालतील. पण त्या चवताळून उठल्या.

“तुम्हारे ‘नंतर’ के पीछे मेरा हज कायकू अटकना?” त्या म्हणाल्या. “मैं किसका अक्षर चुराई?”

“मैं क्या करूँ, वो माफ नहीं करता.”

“कैसा करेंगा? पाँचसौ रुपये उसके दिए. नाम किधर दिए?”

सिराज भिंतीजवळच्या पिशव्यांकडं बघायला लागला.

“दावत को सब आनेवाले हैं,” भाभी म्हणाल्या. “छापखानेवाले भी, मोहल्ला भी. सबके सामने बोलो किसका है. फिर वो माफ करो, नको करो.”

“सबके सामने?” सिराजनं विचारलं. मला त्याची अडचण कळत होती. पाचशे काय, पन्नास हजार मागितले असते तरी त्यानं दिले असते. पण अख्ख्या जुन्या जालन्यात त्याच्याकडं मिरवायला एवढंच होतं. ‘सिराजी’ काढून घेतलं तर खाली उरत होता तो एक जुना पेंटर, ज्याचे ब्रश वाळले.

मी कल्याणचा नंबर त्याच्या दुकानाच्या पाटीवरून टिपून घेतला होता. फोन केला, निघायच्या दिवशीच्या दावतीचं सांगितलं. “बघू,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दावत दुपारची होती. गल्लीत मांडव घातला होता. जेवणं आटोपली की संध्याकाळी गाडी मुंबईला निघणार, तिथून विमान. बिर्याणीच्या देगा उतरत होत्या, उन्हानं मांडवाचं कापड तापलं होतं, आणि लोक सिराजच्या गळ्यात हार घालत होते. एकावर एक हार चढून त्याची हनुवटी दिसेनाशी झाली. प्रत्येक जण गळाभेट घेऊन म्हणत होता, दुआ में याद रखना. माझं लक्ष गल्लीच्या तोंडाकडं. कल्याणचा पत्ता नव्हता.

सिराज मला दोनदा येऊन विचारून गेला, “आला का?” मी दोनदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत मला सुटका दिसली, आणि मला धास्ती वाटली की हा आता नुसतं ‘कहासुना माफ’ म्हणून गाडीत बसेल.

तो बोलायला उभा राहिला तेवढ्यात कल्याण आला. मांडवाच्या टोकाला, हात धुवायच्या पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिला. पुढं ये म्हणून मी खुणावलं, तो आला नाही. सिराजनं त्याला पाहिलं.

“मैं... हम दोनो जा रहे... बोला-चाला माफ करो,” तो म्हणाला.

“माफ, माफ!” लोक म्हणाले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. कल्याण तसाच उभा. बायकांच्या बाजूनं भाभी पडदा सारून पुढं आल्या आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेपुढं मीसुद्धा उभा राहिलो नसतो.

सिराजनं गळ्यातले हार काढायला सुरुवात केली. ते एकमेकांत अडकले होते. त्यानं ओढून काढले, खुर्चीवर टाकले आणि मराठीत बोलायला लागला.

“छापखानेवाले सगळे ऐका. ज्याला तुमी सिराजी अक्षर म्हणता ते माझं न्हाई. मी एक काना पण काढलेला न्हाई त्यातला. ते सगळं त्या मानसानं केलं, तिथं उभा हाय तो. कल्याण रखमाजी लोखंडे. त्यानं सांगितलं होतं फुकट वाटा, इकू नका. मी तुमच्याकडून दोनशे दोनशे घेतले. त्याला काई दिलं न्हाई. त्याच्या बापानं मला तोंडावर इचारलं, अक्षर कुणाचं, तर मी म्हणलो माझं.”

नुसता देगेखालच्या लाकडांचा आवाज. मग घनसावंगीचा बुद्धभूषण उठला. त्याचा छापखाना चांगला चालतो, आणि तोंड त्याहून चांगलं चालतं.

“मंग आमचे पैशे?” तो म्हणाला. “आमी तर तुमचं म्हणून दिले. गिऱ्हाईकाला सांगितलं, सिराजभाईनं सोता बसवून दिलं. आमाला तोंडघशी पाडलं का न्हाई?”

दोघं-तिघं “बराबर हाय” म्हणाले. मी चरफडलो. ज्यांनी स्वतः इतकी वर्षं तीच चौकट रोज ‘नंतर’ दाबून घालवली, ते आता हिशोब मागत होते! चौकट त्यांनाही दिसत होतीच, कल्याणचं नाव त्यांनीही वाचलंच होतं. पण माणूस माफी मागायला उभा राहिला की सगळ्यांनाच आपलं येणं आठवतं. सिराज घामानं निथळत होता. “देतो,” तो म्हणाला, “सगळ्यांचे देतो, जायच्या आधी देतो,” आणि खिसे चाचपायला लागला. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. गाडी निघायची होती, आणि इकडं घेणेकरी वाढत चालले होते.

“थांबा,” कल्याण म्हणाला. तो टाकीपासून पुढं आला. लोकांनी वाट दिली. “तुमी यांना दिले ते पैशे मला पोचले असं समजा. तुमच्या मशीनवर वेलांटी हाय ती आता पैशे भरलेली. तुमचं माझं मिटलं. यांना कुणी मागायचं न्हाई.”

बुद्धभूषण खाली बसला. मला वाटलं, झालं. सिराजलाही वाटलं असणार, कारण तो हात पसरून पुढं झाला. कल्याण एक पाऊल मागं सरकला.

“पैशाचं मिटलं, सिराजभाई. नावाचं पण तुमी आज मिटवलं. बापाचं मला न्हाई मिटवता येत. लई प्रयत्न केला, येताना जीपमधी बसून केला. न्हाई होत. ते तुमी तिकडं जाऊन मागा, तुमच्या अल्लाला.”

सिराजचे हात खाली आले. मग अगदी हळू, जवळच्या चार माणसांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, “तिथं हे मिळत न्हाई, बेटा. अल्ला त्याच्या हक्काचं माफ करतो. मानसाचं मानसानंच करावं लागतं. ते तुमच्याच हातात हाय.”

कल्याण त्याच्याकडं बघत राहिला. हे त्याला माहीत नसणार. आपण नाही म्हटलं तर हा म्हातारा जगाच्या पाठीवर कुठंही गेला तरी सुटत नाही, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि त्याचा चेहरा मला बघवेना. एखाद्यानं लगेच ‘माफ’ म्हणून टाकलं असतं, चारचौघांत चांगलंही दिसलं असतं. पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं. खोटं बटण न दाबायची ती खोड एकट्या सिराजची नव्हती म्हणायची.

“मंग आधी जाऊन या,” तो शेवटी म्हणाला. “आल्यावर गावाला या माझ्याकडं. तवा बघू.”

“आन न्हाई आलो परत तर?” सिराजनं विचारलं. हजला जाणारी म्हातारी माणसं हे मनात धरूनच निघतात. त्यांच्या सामानात कफनाचं पांढरं कापड असतं. भाभींनी पदर तोंडाला लावला.

कल्याणनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. काचा स्वच्छच होत्या.

“यावंच लागंल तुमाला,” तो म्हणाला.

सिराजनं मान हलवली. भाभींनी पिशव्या उचलल्या, त्यातली जड होती ती कल्याणनं त्यांच्या हातातून घेतली आणि गाडीत नेऊन ठेवली.